सातवी फ्लॉपी

बाळांनो, जरा एक खोली डोळ्यांपुढे आणा. धुळ्यातली, आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत मुलींची एक शाळा होती, त्या शाळेतली. साल सत्त्याण्णव. दसरा होऊन दहा दिवस झालेत, दुपारचं ऊन अजून चैत्रासारखं तापतंय, तरी खोलीच्या खिडक्या घट्ट लावलेल्या, कारण आत जे यंत्र आहे त्याला धूळ चालत नाही. दाराबाहेर चपलांचे दोन जोड. टेबलावर शाळेतला एकुलता एक कॉम्प्युटर, त्याच्यापुढे खुर्चीत रतिलाल सर, आणि सरांच्या उजव्या हाताला उभी असलेली रुपली नावाची सातवीतली मुलगी. तिच्या हातात पुठ्ठ्याचं खोकं आणि खोक्यात तेरा फ्लॉप्या. फ्लॉपी तुम्ही कदाचित पाहिली नसेल. तळहाताएवढी चौकोनी, काळी, चपटी डबी असते ती. वरच्या कडेला पत्र्याचं सरकतं झाकण, आत सिनेमाच्या फितीसारखी तपकिरी, पातळ, गोल चकती. कॉम्प्युटरला जे काय शिकवायचं ते सगळं या चकत्यांवर उतरवलेलं. आता रुपलीच्या जागी तुम्ही उभे राहा. खोकं दोन्ही हातांनी धरा. सर मागतील तो नंबर काढून द्यायचा, एवढंच काम. आणि या तेरांपैकी एकीच्या पोटात काय आहे ते साऱ्या शाळेत फक्त तुम्हाला माहीत आहे.

सहावी फ्लॉपी खटकन बाहेर आली. पडद्यावर अक्षरं उमटली, आता सातवी घाला. "सात," सर पडद्यावरची नजर न काढता म्हणाले आणि त्यांनी हात मागे केला. रुपलीनं सातवी काढून त्या हातावर ठेवली.  सरांनी फ्लॉपी फटीत सरकवली, दिवा लागला, आतून नेहमीची खर्र खर्र सुरू झाली आणि मग मधेच एक वेगळा आवाज आला. कर्र-टक. कर्र-टक. पुन्हा कर्र-टक. निळी पट्टी अर्ध्याच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. मग चौकट आली. ही डिस्क वाचता येत नाही. पुन्हा प्रयत्न करायचा की सोडून द्यायचं? सरांनी खुर्ची पुढे ओढली. "करू की पुन्हा," ते हसून म्हणाले, "एका हाकेला कोण ओ देतं?" त्यांनी कळ दाबली. कर्र-टक. रुपलीनं खोकं छातीशी धरलं. मागच्या दहा दिवसांत तिला एकदाही वाटलं नव्हतं की आपल्या हातून काही वाईट झालंय. उलट एक छान, चोरटं सुख तिनं जपलं होतं, कुणाला न सांगता देवाला फूल वाहिल्यासारखं. ते सुख पहिल्या कर्र-टकलाच मोडलं, आणि त्याच्या जागी काय आलं याला तिच्याजवळ नाव नव्हतं.

खंडेनवमीच्या दिवशी या खोलीत पूजा झाली होती. त्यासाठी शिवणवर्गातली दोन मशिनं आणली होती, घंटेचा हातोडा आणला होता, प्रार्थनेचा लाउडस्पीकर आणला होता, आणि सगळ्यांच्या मधोमध कॉम्प्युटर. मुख्याध्यापिका कुंदाबाईंनी त्याच्या पडद्यावरच्या प्लास्टिकच्या झाकणाला हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं, मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्या पेढ्यांकडे धावल्या. ताट सांभाळायला रुपली मागे राहिली. तिला ते झाकणावरचं बोट बघवेना. सोनगीरला तिच्या वडिलांची, निंबाभाऊंची पिठाची गिरणी. दर दसऱ्याला ते आधी गिरणीचं सगळं खोलत, वरचा दगड दोन माणसं लावून उतरवत, आणि टिळा लावत तो दगडाच्या टाकी लावलेल्या अंगाला, जिथं दाणा चिरडतो तिथं. मोटरीच्या पत्र्यावर लावायला रुपली लहानपणी गेली होती तेव्हा त्यांनी तिचं मनगट हलकेच धरलं होतं. "झाकणले नही, पोरी. कामले." विळ्याच्या मुठीला नाही, पात्याला. नांगराच्या रुमण्याला नाही, फाळाला. त्यांच्या घरात याला कुणी धर्म म्हणत नसे. ही नुसती रीत होती, आणि रीत चुकली की माणूस नव्हे तर हत्यार रुसतं, असं तिला दूध पिण्याच्या वयापासून ठाऊक होतं. मग या यंत्राचं पातं कुठलं? ते तर सरांनीच सांगितलं होतं पहिल्या तासाला. खोक्यावर टिचकी मारून म्हणाले होते, "ही नुसती पेटी. अक्कल इथं असते," आणि फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण नखानं सरकवून आतली तपकिरी चकती दाखवली होती. "बघायचं. पण हात लावायचा नाही." तिनं हात लावलाच नव्हता. ताटातल्या विड्याच्या पानाचं देठ तिनं ओल्या कुंकवात बुडवलं, तेरांच्या बरोबर मधली काढली, अलीकडे सहा, पलीकडे सहा, कपाळाचा मध्य असतो तशी, झाकण सरकवलं आणि त्या चकाकत्या तपकिरी अंगावर एक टिपका ठेवला. झाकण आपोआप मिटलं. आतमध्ये दिव्यासारखं काहीतरी लागलं असं तिला वाटलं होतं.

"सात नाही म्हणतेय," सर स्वतःशीच म्हणाले. पाच वेळा झालं होतं. त्यांनी फ्लॉपी काढून उलटीपालटी केली, फुंकर मारली, झाकण मात्र सरकवलं नाही. त्यांनी घातलेला नियम कुणी मोडला असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. "रुपली, बिघाड शोधायची रीत काय सांगितली मी?" "एका वेळी एकच गोष्ट बदलायची, सर." "का?" "दोन बदलल्या तर कशानं झालं ते कळत नाही." "शाब्बास. मग आता काय बदलू?" तिच्या जिभेवर उत्तर आलं आणि टाळ्याला चिकटलं. सर तिच्याकडे मायेनं बघत होते. त्यांना वाटलं, विचार करतेय. जळगावला तीन महिने खोली घेऊन त्यांनी हे शिक्षण घेतलं होतं, चाळिशी उलटल्यावर, विशीतल्या पोरांच्या शेजारी बसून, आणि वर्गात एखादी मुलगी थांबून विचार करते आहे असं दिसलं की त्यांचा चेहरा पाणी मिळालेल्या रोपासारखा व्हायचा. तो चेहरा आपल्याकडे वळलेला असताना खोटं बोलायची गरजच नसते, नुसतं गप्प राहिलं की पुरतं, हे रुपलीला त्या क्षणी कळलं, आणि कळलं म्हणून ती जास्तच घाबरली. "आठवी लावून बघा, सर," ती म्हणाली.

त्यांनी सगळं थांबवलं, यंत्र बंद करून सुरुवात करायच्या वेगळ्या फ्लॉपीवर पुन्हा चालू केलं. पडदा काळा झाला आणि कोपऱ्यात एक रेघ उघडझाप करत राहिली. या काळ्या पडद्याची तिला सकाळपासून धास्ती होती. सकाळी सरांनी यंत्रातलं जुनं सगळं पुसून टाकलं होतं. महिनाभर ते मधेच गोठत होतं, माऊस हलेना, अक्षर उमटेना. सर म्हणाले, भिंतीला पोपडे आले की वरून चुना मारून भागत नाही, सगळं खरवडून काढायचं आणि नव्यानं गिलावा करायचा. खरवडून झालं होतं. गिलावा अर्ध्यावर अडला होता. आता आत ना जुनं ना नवं. एखाद्याला सगळं विसरायला लावावं आणि पुढचं सांगणाऱ्यानं मधेच गप्प व्हावं, तसं. आठवी आत गेली. दिवा लागला, खर्र खर्र, आणि पडद्यावर नावांची यादी सरसर उतरली. "आठ चांगली आहे," सर म्हणाले. "म्हणजे वाचणारं यंत्र चांगलं. दोष सातमध्येच. पुन्हा सात दे." तिनं दिली. कर्र-टक. कर्र-टक. कर्र-टक. या वेळी सरांनी बराच वेळ चालू दिलं.

दार ढकलून कुंदाबाई आत आल्या, चपला बाहेर काढून. त्यांच्या मागे उंबऱ्यापाशी हिलालभाऊ उभा राहिला. हिलालभाऊ म्हणजे शाळेचा शिपाई, सोनगीरचाच, रुपलीच्या गल्लीतला. संध्याकाळच्या एस.टी.त तिला खिडकीशी बसवून कंडक्टरला "मन्ही पुतणी शे, संभाळ रे" असं रोज न चुकता सांगणारा. तो आताही मान आत घालून तिला डोळ्यांनीच विचारत होता, काय व्हयनं? बाईंनी काळा पडदा पाहिला. "सर, उद्या अकरा वाजता जळगावहून संस्थेचे लोक येतायत. त्यांना हा काळा फळा दाखवू?" सर म्हणाले, एक फ्लॉपी वाचत नाही. "का वाचत नाही?" सर बोलता बोलता थांबले. थांबायला नको होतं असं त्यांच्याही तोंडावर दिसलं. पण ते खोटं बोलणारे नव्हते. "परवा मी खोलीत आलो तेव्हा फ्लॉप्यांचं खोकं लाउडस्पीकरवर ठेवलेलं होतं," ते म्हणाले. "स्पीकरमध्ये चुंबक असतं. चुंबकानं फ्लॉपीवरचं पुसलं जातं." खोलीची किल्ली एकाच माणसाकडे असे. बाई वळल्या. "हिलाल?" हिलालभाऊनं टोपी काढली. "हां बाई, मीच ठेवलं. खाली मुंग्या व्हत्या. पेढ्याचा चुरा सांडेल व्हता ना, त्याच्यानं." "मुंग्या! मुंग्यांनी खाल्लं असतं का रे कॉम्प्युटर? सहा वर्षं झाली तुला, उद्या तुला कायम करायचा कागद मी त्यांच्यापुढे ठेवणार होते. आता कोणत्या तोंडानं ठेवू?"  तो टोपीची कड बोटांनी चाचपत राहिला. "जे झालं ते लिहून दे. तुझ्या हातानं. मी ते फाईलला लावते, मग बघू ते काय म्हणतात ते." आणि सरांकडे वळून, आवाज खाली आणून बाई म्हणाल्या, "पाचपर्यंत चालू झालं तर मी तो कागद फाडून टाकेन. पाचला लाइट जाते हे ध्यानात ठेवा."

हिलालभाऊ व्हरांड्यातल्या बाकावर कागद मांडीवर घेऊन बसला. उघड्या दारातून त्याची पाठ दिसत होती. रुपलीला वाटलं, आता. आता सांगावं. वाक्य तिनं मनात तीनदा जुळवलं, शाळेच्या शुद्ध भाषेत, आणि तिन्ही वेळा ते शेवटच्या शब्दाशी ढासळलं. कुंकू हा शब्द या खोलीत कसा उच्चारायचा? बाई म्हणतील, खेडवळ. वर्गातल्या मुली वर्षभर हसतील, गिरणीवाल्याची पोर, पीठ लावायचं तिथं कुंकू लावून आली. आणि सर. सर काही म्हणणार नाहीत, तेच वाईट. पुढच्या वेळी ते खोकं दुसऱ्या कुणाच्या हातात देतील, इतकंच. शिवाय, तिच्यातलंच कुणीतरी हळूच म्हणालं, कशावरून माझ्यानंच झालं? स्पीकरवर खोकं होतंच की. हिलालभाऊनं कबूल केलंय, स्वतःच्या तोंडानं. एवढासा तर टिपका होता, आणि तोही भक्तीनं ठेवलेला. चुंबक मोठं होतं. हे बोलणारं तिचं तिलाच अनोळखी वाटलं. ते इतकं समजूतदार होतं, इतकं सावकाश बोलत होतं, की त्याला बाहेर हाकलायला कुठून धरावं ते कळेना.

"काय वो रुपली," हिलालभाऊनं बाकावरूनच मागे वळून हाक मारली, "कॉम्प्युटरमां म ले प जोडू का प ले म?" एवढ्यातही तो डोळे मिचकावत होता. सर पुटपुटले, "म ला प, हिलालभाऊ." "इतलं अवघड नाव ठेवाले कोनी सांगितलं यास्ले," तो म्हणाला आणि पुन्हा वाकून लिहू लागला. त्याचा हात एकेक अक्षर ओढत होता, जड पोतं ओढल्यासारखा. रुपलीनं त्याच्या पाठीवरची घामाची ओली पट्टी पाहिली आणि नजर खोक्याकडे वळवली.

"चुंबकाचंच असेल तर एकट्या सातवर कसं?" सर म्हणत होते, अर्धं तिच्याशी, अर्धं स्वतःशी. "आठ तर वाचली. बाकीच्याही एकदा तपासून घेऊ. आठच दे पुन्हा." तिनं आठवी दिली. दिवा लागला. आणि मग, बाळांनो, रुपलीच्या कानांनी ते ऐकलं. कर्र-टक. आठवी. आत्ता पाव तासापूर्वी यादी सरसर उतरली होती ती आठवी. पडद्यावर तीच ओळ आली, वाचता येत नाही. सरांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "ही चांगली होती," ते म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदा थकलेला वाटला. "म्हणजे एकेक मरतेय. चुंबकाचा असर असा हळूहळूही होत असेल, काय सांगावं. पुस्तकात तर असं दिलं नव्हतं." त्यांनी व्हरांड्याकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला. त्या सुस्काऱ्यात हिलालभाऊला मिळू शकणारा संशयाचा शेवटचा फायदाही निघून गेला, हे रुपलीला लख्ख दिसलं.

आणि तिला दुसरंही दिसलं. पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर चित्र काढलं होतं, फटीच्या आत चकती फिरते आणि तिला चिकटून एक इवलंसं डोकं मागेपुढे सरकतं, वाचत. सातवी किती वेळा फिरली त्या डोक्याखाली? दहा? पंधरा? वाळलेलं कुंकू खरवडून निघालं असेल, पूड होऊन त्या डोक्याला बसलं असेल. आता जी आत जाईल तिच्या अंगावर ते डोकं ओरखडे काढणार. सातवीचं आठवीला लागलं, आता नववीला लागेल, मग दहावीला. मघापासून तिला वाटत होतं की गप्प राहणं म्हणजे काहीच न करणं, भिंतीशी उभं राहिल्यासारखं. पण तसं नव्हतंच. ती गप्प होती तेवढा वेळ आत काहीतरी फिरत होतं आणि एकेक चकती घासून जात होती. आणि जितक्या जास्त जातील तितका हिलालभाऊचा गुन्हा पक्का होणार. तेराच्या तेरा गेल्या की सगळ्यांची खात्रीच पटेल, चुंबकच ते. मग तिला कुणी कधी विचारणारही नाही. ती कायमची सुटेल. असं सुटणं तिला नको होतं. गिरणीत एकदा असंच झालं होतं. कुणाच्या तरी ज्वारीतून खडा आला, दगडाचा सूर बदलला, रांगेतल्या बाया लागल्या भांडायला, माझ्या दाण्यात नव्हता, तिच्यातला आहे, आणि निंबाभाऊ कुणाकडे न बघता झेप घेऊन पट्टा उतरवत होते. खडा कोनाना ते मांगतून, कुणाचा ते मागाहून बघू, असं ते नंतर म्हणाले होते, धापा टाकत. आधी बंद.

"चल, नऊ बघू," सर म्हणाले. हात मागे आला. तिनं नववी दिली नाही. सरांनी न बघताच बोटं हलवली, "नऊ, रुपली." मग त्यांनी स्वतः खोक्यातून ती उचलली आणि फटीकडे नेली. रुपलीनं खोकं टेबलावर टाकलं. तेरातल्या उरलेल्या खडखडत पसरल्या. तिनं आपला तळहात फटीवर ठेवला, घट्ट, पाचही बोटं पसरून. सरांच्या हातातली फ्लॉपी तिच्या मनगटावर टेकून थांबली. शुद्ध भाषेतलं ते जुळवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं होतं. "नका, सर," ती म्हणाली. "सातमां मन्हं कुकू शे."

सरांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग त्यांनी सातवी उचलली, उजेडाकडे धरली आणि नखानं झाकण सरकवलं. तपकिरी चकतीवर एक गोल ओरखडा होता, बांगडीसारखा, आणि त्याच्या कडेकडेनं विटकरी लाल पूड.  लाउडस्पीकरशेजारच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. "का गं?" सरांनी विचारलं. रागावून नाही. खरंच कळावं म्हणून, बिघाडाला विचारावं तसं. "झाकणाला लावला होता टिळा," ती म्हणाली. "कामाला नव्हता लावला." सरांचे ओठ हलले, हसू होतं की दुसरं काही, ते तिला कळलं नाही. "आणि हे त्या कुंकवानं बिघडलंय हे तुला केव्हा समजलं?" या प्रश्नाला ती सबंध दुपार भीत होती. "पहिल्या आवाजाला," ती म्हणाली. सरांनी मान हलवली. ठीक आहे असं ते म्हणाले नाहीत, म्हणायलाही नको होतं. त्यांनी स्क्रू खोलायचा पेचकस काढला. "प्रथमोपचाराच्या पेटीतून स्पिरिट आण, कापूस आण. डोकं पुसून बघू. सातवीही उघडून धुऊ, दुसऱ्या डबीत बसवू. वाचेल याची खात्री नाही. आठवी गेली ती बहुधा गेलीच." ते खाली वाकले आणि कामाला लागले.

रुपली स्पिरिट आणायला निघाली. पेटी कुंदाबाईंच्या ऑफिसात होती, उजवीकडे. व्हरांड्यात आल्यावर ती डावीकडे वळली, बाकाकडे, चपला न घालताच. हिलालभाऊचं लिहून होत आलं होतं. "काय व्हयनं?" त्यानं विचारलं. "रडी ऱ्हायनी का तू?" ती रडत नव्हती, किंवा रडत असेल, तिला पत्ता नव्हता. तिनं त्याच्या मांडीवरचा कागद वाचला. मी हिलाल महाजन, शिपाई, लिहून देतो की कॉम्प्युटरच्या फ्लॉपीचे खोके मी लाउडस्पीकरवर ठेवले. ते खरंच होतं. त्यातला एकही शब्द तिला खोडता आला नसता. त्यानं सहीसाठी पेन टेकवलं होतं, ते तिनं त्याच्या बोटांतून काढून घेतलं. तो "अवं, अवं" म्हणत राहिला. ती गुडघ्यांवर बसली, कागद बाकावर सपाट केला, आणि त्याच्या ओळीखाली, सहीची जागा मोकळी सोडून, आपल्या सरळ शाळेच्या अक्षरात लिहिलं, सातव्या फ्लॉपीच्या आत कुंकू मी लावले, सरांना उशिरा सांगितले. मग तिनं खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, आणि कागद घेऊन ती ऑफिसाच्या दिशेनं चालू लागली.